घरची कॉफी, हाताने दळलेली

आपल्या घरांत चहा हा घरचा माणूस आणि कॉफी ही पाहुणी. पहाटे पाळीवर निघणाऱ्याला चहा, दुपारी कामावरून आलेल्या बाईला चहा, मयताला आलेल्यांनाही चहाच. कॉफी कधी? तर मुलगी पाहायला मंडळी आली म्हणजे, पोरगा दहावीच्या अभ्यासाला रात्री जागत असला म्हणजे, नाही तर तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसली म्हणजे. आणि ती कॉफी तरी कशी करायची? निम्मे दूध, निम्मे पाणी, चमचाभर पूड, सढळ हाताने साखर आणि वरून किसलेले जायफळ. मग सगळे मिळून खळखळ उकळायचे. त्या कॉफीला जायफळाचा वास छान येई. कॉफीचा वास येत होता असे मात्र आम्हाला आठवत नाही.

हा विषय या पानावर घेण्याचे कारण आमच्या वस्तीतली एक मुलगी आहे. बारावीनंतर ती एका मोठ्या बाजारसंकुलातल्या कॉफीच्या दुकानात कामाला लागली. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दिवसभर उभे राहून ती शेकडो कप कॉफी करते. तिची आई सफाई कामगार. त्या माउलीने लेकीच्या हातची ती कॉफी एकदाही चाखली नव्हती. एकदा ती लेकीला भेटायला दुकानाच्या दारापर्यंत गेली होती. पाटीवरचा भाव वाचला आणि तशीच परत फिरली. आम्हाला ती म्हणाली, “ताई, त्या एका कपात आमच्या घरी चार दिवसांचं दूध येतं. कशी आत जाऊ?”

लेकीच्या मनाला ते लागले. दिवाळीच्या पगारातून तिने हाताने फिरवायचे एक छोटे कॉफीचे यंत्र आणि पाव किलो भाजलेल्या बिया घरी आणल्या, आणि रविवारी आम्हालाही बोलावले. त्या रविवारी जे घडले आणि त्यानंतर चार-पाच रविवारी आम्ही जे शिकलो, ते वाचक भगिनींसाठी आणि बांधवांसाठीही येथे देत आहोत. बांधवांसाठी मुद्दाम म्हणतो, कारण कॉफी करायला बाईच लागते असा नियम कोठेही नाही.

पहिला प्रयोग फसला

त्या घराच्या खालच्या खोलीत एक अक्का राहतात. मूळच्या कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या. त्यांचे यजमान माटुंग्याच्या एका उडपी हॉटेलात होते. तीस वर्षे मुंबईत राहून अक्का मराठी अगदी आपल्यासारखी बोलतात. त्यांच्याकडे स्टीलचा कॉफी फिल्टर आहे. तो त्यांनी त्या दिवशी वापरायला दिला.

मुलीने उत्साहाने बिया दळल्या. दुकानातल्या विजेच्या मोठ्या यंत्राला बारीक पूड लागते, म्हणून हिनेही पिठासारखी बारीक केली. फिल्टरमध्ये भरली, वरून उकळते पाणी ओतले आणि आम्ही वाट पाहत बसलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. झाकण काढून पाहिले तर खाली जेमतेम दोन चमचे काळे पाणी जमलेले. तेही इतके कडू की काढ्यासारखे! मुलगी ओशाळली. आई मात्र म्हणाली, “असू दे गं, औषध म्हणून घेते.” अक्का हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, तू पीठ केलंस. पिठातून पाणी कसं उतरेल? रवा पाहिजे, रवा!”

कॉफीचे निम्मे शास्त्र अक्कांच्या या एका वाक्यात आहे.

जाते ज्याला कळले, त्याला कॉफी कळली

आपल्या आया-आज्यांनी पहाटे उठून जात्यावर दळण दळले. डाळ भरडायची असली की जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर थोडे वाढवायचे. पीठ काढायचे असले की ते कमी करायचे. कॉफीचे हातयंत्र नेमके याच तत्त्वावर चालते. त्यात पोलादाचे किंवा चिनी मातीसारख्या कडक पदार्थाचे दोन दातेरी भाग असतात. एक बाहेरचा, स्थिर. दुसरा आतला, शंकूसारखा आणि फिरणारा. दांडा फिरवला की बी त्यांच्यामध्ये सापडते, आधी फुटते, मग खाली सरकत सरकत ठरावीक आकाराची होते आणि खालच्या डब्यात पडते. तळाशी एक चाकी असते. ती आवळली की पूड बारीक होते, सैल केली की जाड होते.

मिक्सरचे तसे नाही. मिक्सरचे पाते दळत नाही, ते आपटून तुकडे करते. त्यामुळे त्याच भांड्यात काही कण पिठासारखे तर काही डाळीएवढे राहतात. पीठ झालेल्या कणांतून कडूपणा उतरतो आणि मोठे कण आतून कोरडेच राहतात. एकाच कपात कडू आणि पाणचट अशा दोन्ही चवी येतात. शिवाय पाते फार वेळ फिरले की पूड तापते आणि वास उडून जातो. भांड्याला चिकटलेला मिरची-धण्यांचा वास उतरतो तो वेगळाच.

हातयंत्र ही काही नवी चीज नाही. आज मोटारींसाठी प्रसिद्ध असलेली फ्रान्समधली प्यूजो ही कंपनी 1840 पासून कॉफी दळायची यंत्रे करीत होती. दक्षिणेतल्या जुन्या घरांतही टेबलाच्या कडेला किंवा भिंतीला बसवलेले, मोठ्या दांड्याचे यंत्र असे. वीज नसताना जगात कॉफी अशीच होत होती.

मग आधीच दळलेली पूड का घेऊ नये? जरूर घ्यावी, पण थोडी थोडी. बी भाजल्यावर तिच्या आत सुवासिक द्रव्ये आणि वायू कोंडलेले असतात. बी अख्खी असते तोवर ते हळूहळू बाहेर पडतात. दळली की हवा सगळीकडून शिरते आणि वास झपाट्याने उडू लागतो. अख्खी बी नीट ठेवली तर भाजल्यापासून महिना-दीड महिना चांगली राहते. दळलेली पूड मात्र आठवडा-दोन आठवड्यांत मंदावते. ताज्या कुटलेल्या मसाल्याचा आणि सहा महिन्यांच्या जुन्या मसाल्याचा फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

कोणत्या भांड्याला कशी पूड?

आम्ही केलेली मोजमापे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत अशी:

दक्षिणी फिल्टरसाठी बारीक रव्यासारखी किंवा त्याहून जरा बारीक. बोटांत चोळली तर कण लागले पाहिजेत, पिठासारखी गुळगुळीत लागता कामा नये.

कापडातून किंवा कागदातून गाळायची असेल तर साध्या रव्यासारखी.

पाण्यात भिजवून मग गाळायची असेल तर जाड्या रव्यासारखी, लापशीच्या कणीकडे झुकणारी.

कारण सोपे आहे. पाणी पुडीला जितका जास्त वेळ भेटणार, तितकी पूड जाड हवी. वेळ कमी असेल तर पूड बारीक हवी. तांदूळ अख्खा शिजायला वेळ लागतो, कण्या लवकर शिजतात, तसेच हे.

अक्कांची रीत

दक्षिणी फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात बसणारी दांड्याची एक चकती असते आणि वर झाकण. यात कागद लागत नाही, वीज लागत नाही, मोडण्यासारखे काही नाही. एकदा घेतला की पुढच्या पिढीलाही पुरतो. पितळी फिल्टर दिसायला सुरेख, पण त्याला आतून कल्हई हवी. रोजच्या वापराला स्टीलचा बरा.

चार लहान पेल्यांसाठी पूड तीन मोठे चमचे शीग लावून, म्हणजे सुमारे 24 ग्रॅम.

फिल्टर आतून कोरडा पुसून घ्यावा. ओल्या भोकांत पूड अडकते. वरच्या भांड्यात पूड घालून भांडे हलकेच ठोकावे म्हणजे ती सपाट बसते. चकती वर ठेवावी, पण दाबून घट्ट करू नये. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी दोन-तीन चमचे पाणी गोल फिरवत घालावे. पूड ताजी असली तर फुगते आणि वर बुडबुडे येतात. तो आत कोंडलेला वायू बाहेर पडत असतो. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी ओतावे. सगळे मिळून लहान कपभर, साधारण 150 मिलिलिटर. झाकण लावून पंधरा-वीस मिनिटे त्याकडे पाहू नये. अक्का म्हणतात, “फिल्टर लावायचा आणि आंघोळीला जायचं. आलं की कॉफी तयार.”

खाली जमतो तो दाट अर्क. त्याला तिकडे डिकॉक्शन म्हणतात. पूड स्वतःच बरेचसे पाणी धरून ठेवते, म्हणून 150 मधून सुमारे 100 मिलिलिटर अर्क मिळतो. दर पेल्यात त्याचा चौथा हिस्सा घ्यावा. वरून अर्धी वाटीभर कडक दूध आणि चवीप्रमाणे साखर. मग पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात दोन-तीनदा ओतावे. साखर विरघळते, कॉफी पिण्याजोगी होते आणि वर फेस येतो.

एक गोष्ट अक्कांनी बजावून सांगितली. अर्क पुन्हा गॅसवर ठेवून उकळायचा नाही. दूध गरम करायचे आणि अर्कावर ओतायचे. आपली पाहुण्यांची कॉफी इतकी वर्षे का फसत होती हे आम्हाला तेव्हा कळले. चहाला उकळी मानवते, कॉफीला मानवत नाही.

पूड एकदा वापरली की फेकू नये. पुन्हा थोडे गरम पाणी घातले तर पातळसा दुसरा अर्क निघतो. घरातल्या ज्याला हलकी कॉफी हवी त्याला तो चालतो. उरलेला चोथा कुंडीतल्या मातीत मिसळावा.

फिल्टर नसेल तर?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी फिल्टरही नाही आणि यंत्रही नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून काही अडत नाही.

1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीपुढे हाच प्रश्न होता. कॉफीत गाळ येई आणि ती कडू होई. तिने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद त्यावर पसरला आणि त्यातून कॉफी गाळली. स्वच्छ आणि कमी कडू. तिने त्याचे पेटंट घेतले आणि नवऱ्याबरोबर धंदा सुरू केला. आज जगभर कागदातून गाळून जी कॉफी होते, तिची सुरुवात एका बाईने ओट्याजवळ केली. आपल्या ओट्याजवळही डोके चालते, हे विसरू नये.

आमची सगळ्यांत साधी रीत अशी. एका कपाला, म्हणजे 150 मिलिलिटर पाण्याला, जाडसर पूड 10 ग्रॅम. पाणी उकळून खाली उतरवावे. अर्ध्या मिनिटाने त्यात पूड घालून एकदा ढवळावे आणि चार मिनिटे झाकून ठेवावे. मग स्वच्छ मलमलच्या दुहेरी कापडातून गाळावे. झाले. ही काळी कॉफी तशीच घ्यावी किंवा थोडे गरम दूध घालावे. गाळायचे कापड साबणाने धुऊ नये, कारण साबणाचा वास राहतो. नुसत्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे.

मिक्सरच असेल तर एकदम फिरवू नये. दोन-दोन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवावे, पुन्हा फिरवावे. नंतर रव्याच्या चाळणीने चाळून मोठे कण पुन्हा दळावेत. हातयंत्राइतके जमणार नाही, पण बरेच जमेल.

यंत्र घ्यायचे असेल तर दांडा धरून आतला शंकू हलवून पाहावा. तो लटपटत असेल तर पूड कधीच एकसारखी येणार नाही. बाहेरून चकचकीत आणि आतून ढिले, असे यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. दोन-तीन घरांनी मिळून एक चांगले घ्यावे. दळायला दोन-तीन मिनिटे लागतात, कोणी त्यासाठी भांडणार नाही.

चव बिघडली तर काय बदलावे?

आंबट आणि पाणचट लागली तर पूड जाड झाली, पाणी पुरेसे गरम नव्हते किंवा वेळ कमी पडला.

कडू लागली आणि घसा कोरडा पडला तर पूड फार बारीक झाली, वेळ जास्त झाला किंवा उकळली.

वासच नसेल तर पूड शिळी आहे.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पूड, पाणी आणि वेळ तिन्ही एकदम बदलले तर कशाने सुधारले ते कळत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगाला जो नियम, तोच चुलीला. घरातल्या मुलांना वही घेऊन शेजारी बसवावे आणि चमचे, मिनिटे, चव हे लिहून घ्यायला सांगावे. आमच्याकडे सातवीतल्या मुलाने असा तक्ता केला आणि चौथ्या रविवारी तोच आम्हाला सांगू लागला, “आज चाकी दोन घरं सैल करा.”

पुडीतली लबाडी ओळखा

पुडीवर “कॉफी” असे मोठे छापलेले असले तरी आत सगळी कॉफीच असते असे नाही. तिच्यात चिकोरी मिसळतात. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. ती विषारी नाही. रंग आणि दाटपणा देते, दक्षिणेत अनेकांना तिची चव आवडतेही. पण ती स्वस्त असते आणि तिच्यात कॉफीचा गुण नसतो. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी आणि चिकोरी किती आहे ते पुडीवर लिहिले पाहिजे. म्हणून घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. भाजल्याची तारीख असेल तर तीही पाहावी.

सुटी पूड तपासायची सोपी रीत आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन वर चमचाभर पूड भुरभुरावी. कॉफी तरंगते. चिकोरी लगेच बुडू लागते. त्या मुलीच्या आईने पूर्वी एका दुकानातून “शुद्ध” म्हणून आणलेली पूड आम्ही अशी टाकून पाहिली. बघता बघता निम्मी तळाला आणि पाण्यात तपकिरी रेघा! माउली म्हणाली, “मला वाटायचं, आपल्यालाच करता येत नाही.” गरिबाला नेहमी असेच वाटते. माल खोटा असला तरी तो दोष आपल्या हाताला देतो.

या बियांमागचे हात

भारतात कॉफी आली ती सूफी संत बाबा बुदन यांच्याबरोबर, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकात येमेनहून येताना त्यांनी सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. आज देशातल्या कॉफीपैकी सर्वांत मोठा वाटा कर्नाटकाचा. मग केरळ आणि तमिळनाडू. आंध्रातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. त्यांच्या कॉफीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

उंचावर होणारी अरेबिका सौम्य आणि सुवासिक. खालच्या भागात होणारी रोबस्टा कडक, दाट आणि स्वस्त. रोबस्टात कॅफिन जवळजवळ दुप्पट असते. नुसती काळी प्यायची तर अरेबिका घ्यावी. दुधाच्या कॉफीला थोडी रोबस्टा मिसळली तर अंग येते.

अक्कांची आई कॉफीच्या मळ्यात फळे तोडायला जाई. लाल पिकलेले फळ तेवढे तोडायचे, हिरवे ठेवायचे. त्यामुळे त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. मळ्यांतल्या या कामात दलित, आदिवासी आणि विशेषतः बायांचे हात फार. चांगली कॉफी मालकाकडून बाजारात आणि बाजारातून परदेशात. अक्का सांगतात, “आमच्या घरी दूध कुठलं? काळी कॉफी, गुळाची. पण ती गोड लागायची हो.” आम्ही ती करून पाहिली. उकळत्या पाण्यात गूळ विरघळवून खाली उतरवले, पूड घातली, चार मिनिटे झाकून गाळले. पावसाळ्यात ही कॉफी जरूर करून पाहावी. दुधाचा खर्चही वाचतो.

पण या पेयाला जातीचा वासही लागलेला होता, हे लपवून चालणार नाही. दक्षिणेतल्या कॉफी हॉटेलांत ब्राह्मणांना बसायला वेगळी जागा असे. पेल्याला ओठ लावला की तो उष्टा झाला, या समजुतीतून वरून ओतून पिण्याची रीत होती. 1957 साली पेरियार यांच्या द्रविडर कळघमने मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका हॉटेलाच्या पाटीवरचा “ब्राह्मण” हा शब्द काढावा म्हणून निदर्शने चालवली. राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने हॉटेलांची दारे सर्वांना खुली केल्यावरही सात वर्षांनी ही वेळ आली होती.

त्याच 1957 साली दुसरी एक चांगली गोष्ट घडली. कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी पुढाकाराने चालणारी कॉफी हाउसे होती. त्यांतले पहिले 1936 साली मुंबईतच, चर्चगेटला निघाले होते. पन्नाशीच्या दशकात ती बंद करायचे ठरले आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळूरला ऑगस्ट 1957 मध्ये. त्याच ऑक्टोबरात दिल्लीला कामगारांचे पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले. ज्यांनी कप उचलायचे तेच मालक झाले. ती कॉफी हाउसे आजही अनेक शहरांत चालू आहेत.

प्रकृतीकडे लक्ष असावे

कॉफी चांगली जमली म्हणून ऊठसूट पिऊ नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये. 150 मिलिलिटर कॉफीत ते 80 ते 120 मिलिग्रॅम असते. चहातही असते, तेही धरावे. दिवसाला दोन कप पुरे.

आपल्या भगिनींसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी घेऊ नये. अन्नातले लोह अंगी लागायला त्याने अडथळा होतो आणि रक्त कमी असण्याचा त्रास आपल्या घरोघर आहे. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. लहान मुलांना देऊ नये. झोप लागत नसेल तर दुपारनंतर टाळावी. कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी कागदातून गाळलेली घ्यावी, कारण ते वाढवणारा तेलकट अंश कागदात अडकतो.

खर्चाचेही सांगतो. वरच्या मापाने पाव किलो पुडीत चाळीसेक पेले फिल्टर कॉफी होते. बाजारसंकुलातल्या एका कपाच्या पैशांत घरी किती पेले झाले, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या भावाने करावा.

चौथा रविवार

पहिल्या रविवारी फसलेली कॉफी चौथ्या रविवारी जमली. दळण आईने दळले. दांड्याला हात घातला आणि म्हणाली, “हे तर माझ्या आईचं जातं.” खोलीभर वास सुटला. समोरच्या दोन बिऱ्हाडांतली माणसे वासाने येऊन दारात उभी राहिली. अक्कांनी दूध तापवले, मुलीने अर्क वाटला आणि पहिला पेला आईच्या हातात दिला.

आई प्यायली आणि थोडा वेळ गप्प बसली. मग तिने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. गावच्या हॉटेलाबाहेर त्यांच्यासाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई आणि पिऊन झाल्यावर ती त्यांनी स्वतः विसळून जागेवर ठेवायची. “आणि माझी पोरगी दुकानात सगळ्यांना कॉफी करून देते,” ती म्हणाली. “पण तिथं तिला बसून प्यायला कुणी सांगत नाही.” मुलगी म्हणाली, “आई, आठ तास उभं राहायचा पगार देतात, बसायचा नाही.” यावर सगळे हसले. तीही हसली. मग तिने स्वतःसाठी पेला भरला आणि खाटेवर आईजवळ बसून प्यायली.

आता त्या वस्तीत दर रविवारी सकाळी फिल्टर लागतो. यंत्र तीन घरांत फिरते. अलीकडे बिया आणण्याची वर्गणी दर माणशी निघते. मुलीच्या मनात आहे की दोघी-तिघींनी मिळून रेल्वे स्थानकाजवळ सकाळी कॉफीची गाडी लावावी, रास्त भावात, कष्टकऱ्यांसाठी. परवान्याची चौकशी चालू आहे. जमेल तेव्हा या पानावर कळवूच.

तोवर आपल्या घरी एकदा करून पाहा. पूड ताजी घ्या, पीठ करू नका, उकळू नका. आणि ज्याने कॉफी केली असेल त्यालाही शेजारी बसवून पेला द्या.